हवालदार कडूबाचा फंड

कडूबा दांडगे सुट्टीवर यायचा त्या दिवशी गावाची सकाळ मोठ्या आशेत जायची. फौजी आला म्हणजे काळी ट्रंक आली आणि ट्रंक आली म्हणजे कॅन्टीनची बाटली आली, हा हिशेब बिडकीनच्या पुढच्या त्या वस्तीत पक्का ठरलेला. कडूबाच्या ट्रंकेतून मात्र निघायची आईसाठी एखादी शाल, वडिलांसाठी बॅटरी, पोरांसाठी बिस्किटं आणि घडी घातलेले त्याचे स्वतःचे कपडे. दुपारपर्यंत ओट्यावरची मंडळी पांगायची. जाता जाता कोणीतरी मुद्दाम ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचं, की असल्या फौजीपेक्षा एसटीचा कंडक्टर परवडला. कडूबा ते ऐकायचा आणि बशीतला चहा शांतपणे संपवायचा.

त्याला चिक्कू म्हणणाऱ्यांची मला कीव येते. चिक्कू माणूस पैसा साठवतो तो साठवण्याच्या हौसेनं. कडूबाला ती हौस नव्हती. त्याला भीती होती, आणि त्या भीतीला त्यानं कामाला लावलं होतं.

शहात्तर साली औरंगाबादेत छावणीच्या मैदानावर भरती निघाली तेव्हा तो अठराचा होता. छाती मोजताना श्वास कोंडून उभा राहिला आणि तोफखान्यात लागला. नाशिक रोडच्या ट्रेनिंग सेंटरवर त्याची पलटण ज्याच्या हाती पडली तो हवालदार सांडू लोखंडे, पैठणचा. शिकवणाऱ्याला फौजेत उस्ताद म्हणतात. नव्या रंगरुटाचा बाप, मास्तर आणि फौजदार असा तिघांचा मिळून तो एकच माणूस असतो. त्यानं उडी मार म्हटलं की आधी उडी मारायची आणि खड्डा किती खोल ते मग बघायचं.

पहिल्या पगाराला पोरं रांगेत उभी राहिली. एकेक जण टेबलासमोर जायचा, सॅल्यूट ठोकायचा, सही करायचा आणि नोटा घेऊन बाजूला व्हायचा. उस्तादानं मराठवाड्याची पोरं हेरून एका झाडाखाली गोळा केली आणि फंडात किती कापून घेतलं ते विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच होतं. जेवढं कापावंच लागतं तेवढंच कापलं होतं.

"ऐका रे," उस्ताद म्हणाला. "फौज तुम्हाला चाळिशीला घरी धाडणार हाय. चाळिशीला माणूस म्हातारा व्हतो का? मंग पुढची तीस वर्सं काय खाणार, ट्रंक? हातात आलेला पैसा भावाचा असतो, दोस्ताचा असतो. फंडात ऱ्हाईल तेवढाच तुमचा. चला, वाढवून या."

झाडाखालून उठून सगळी पोरं कारकुनाच्या खिडकीशी गेली. कडूबाच्या पुढं चिकलठाण्याचा कमरोद्दीन होता, मागं आणखी तिघं-चौघं. बहुतेकांनी पुढं दोन-चार वर्षांत हळूच तो आकडा पुन्हा खाली आणला. कडूबानं दर पगारवाढीला तो वर नेला.

त्याला कारण घडलं नोकरीच्या दहाव्या वर्षी. वाळूजच्या नव्या कारखान्यात गावचा एक पोरगा लागला होता, त्याला घरचा निरोप द्यायला कडूबा सुट्टीत तिकडं गेला. गेटवरच्या वॉचमननं आत येणाऱ्या गाडीला कडक सॅल्यूट ठोकला. असा सॅल्यूट फौजीशिवाय कोणाचा नसतो म्हणून कडूबानं निरखून बघितलं, तर तो त्याच्याच रेजिमेंटमधून दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेला नाईक. एकरकमी आलेला सगळा पैसा त्यानं मेव्हण्याच्या ट्रकमध्ये घातला होता आणि ट्रक घाटात गेला होता. वॉचमनकीत कमीपणा काही नाही. पण कडूबाला बघताच तो माणूस केबिनच्या मागं जाऊन उभा राहिला, आणि कडूबा निघून जाईपर्यंत बाहेर आला नाही. ते लपणं कडूबाच्या मनात रुतून बसलं.

घरच्यांशी त्यानं सरळ हिशेब ठेवला. वडिलांच्या नावची मनिऑर्डर दर महिन्याला जायची आणि ती कधी चुकली नाही. बहिणीच्या लग्नासाठी त्यानं वर्षभर बाहेरचा चहासुद्धा बंद करून पैसे जमवले. पण फंडातूनही पैसे काढता येतात, हे थोरल्या भावाला, पुंजारामला, कोणीतरी सांगितलं आणि घोडं तिथं अडलं. पुंजारामला ट्रॅक्टर घ्यायचा होता. कडूबा नाही म्हणाला. वडिलांनी सांगून बघितलं, मामांनी सांगून बघितलं, तरी तो नाहीच म्हणाला. पुंजारामनं बोलणं टाकलं. पुढच्या दोन सुट्ट्यांत एकाच पंगतीत जेवायला बसून भाऊ भावाशी बोलला नाही. तरी त्यानं फंडाला हात लावला नाही.

बायकोचं मन वळवणं त्याहून अवघड होतं. सारजाबाईला त्यानं जालंधरला क्वार्टर मिळाल्यावर सोबत नेलं. त्या दोन वर्षांत तिनं पहिल्यांदा नळाचं पाणी घरात बघितलं आणि शेजारणींच्या घरी रंगीत टीव्ही बघितला. सगळ्यांनी कॅन्टीनमधून हप्त्यावर घेतला होता. आपणच रोज दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायचं याची तिला लाज वाटायला लागली. तिनं आठवडाभर अबोला धरला आणि मग एका सकाळी कणीक मळता मळता स्पष्टच विचारलं, की एवढा पैसा साठवून करायचं काय आहे.

कडूबानं तोवर कोणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. औरंगाबादेत दोन खोल्या बांधायच्या आणि पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकायची. लोक टीव्हीशिवाय राहतील, पिठाशिवाय राहणार नाहीत.

सारजाबाईचे हात थांबले. माहेरी असताना दळणाचं ओझं डोक्यावर घेऊन ती दुसऱ्या गावाला जायची, आणि वीज गेली की तिथंच बसून राहायची.

"गिरणी माह्या नावावर पाहिजे," ती म्हणाली.

कडूबा व्हय म्हणाला. त्या दिवसापासून फंडाची राखण दोघं करायला लागली, आणि तिची राखण जास्त कडक होती. पुढं एकदा बुलेट घ्यावी असं कडूबाच्याच मनात आलं, तेव्हा तिनं त्याच्याकडं असं बघितलं की बुलेटचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

नव्व्याण्णव साली कडूबा हवालदार म्हणून घरी आला. सारजाबाई मुलांच्या शाळेसाठी आधीच मुकुंदवाडीला स्टेशनामागं भाड्याची खोली घेऊन राहत होती. फंड, ग्रॅच्युइटी, विमा आणि पेन्शनचा विकून एकरकमी घेतलेला भाग असं मिळून चारेक लाख रुपये बँकेत जमा झाले. जवळच एक प्लॉट त्यांनी हेरून ठेवला होता. गुंठेवारीचा स्वस्त प्लॉट घ्यायचा नाही, कागद साफ असलेलाच घ्यायचा, म्हणून थोडे जास्त पैसे मोजायची तयारी होती. मालकाला बयाणा दिला होता. जालना रोडवरच्या दुकानात जाऊन गिरणीचं मशीन दोघांनी तीनदा बघितलं होतं, आणि दुकानदाराला कडूबापेक्षा सारजाबाईच जास्त प्रश्न विचारत होती.

रिटायर फौजीच्या खात्यात पैसा पडला की त्याची बातमी कशी फुटते, याचा शोध कोणीतरी लावायला हवा. पंधरवड्यात विम्याचे एजंट येऊन गेले. मामेभावाला पोल्ट्री टाकायची होती. पुंजाराम पुन्हा बोलायला लागला आणि तिसऱ्याच वाक्याला ट्रॅक्टरवर आला. कडूबानं सगळ्यांना चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत लावलं. आता रजिस्ट्री तेवढी राहिली होती.

आणि एका रविवारी सकाळी दारात उस्ताद उभा राहिला.

कडूबा दाढी करत होता. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो ताडकन उठला आणि त्याच्या अनवाणी टाचा आपोआप जुळल्या. सांडू लोखंडे आता सुभेदार होऊन रिटायर झालेला, मिशा पांढऱ्या, पण पँटीची इस्त्री तशीच धारदार. पैठणहून पहिल्या एसटीनं तो निघाला होता. सारजाबाईनं पाणी दिलं, चहा ठेवला. कडूबाचा आनंद खरा होता; जमलेला पैसा, प्लॉट, गिरणी, सगळं त्यानं भरभरून सांगितलं. या माणसामुळं आपण उभे आहोत, हे त्यानं बायकोला शंभरदा सांगितलेलं होतं.

चहा अर्धा झाल्यावर उस्तादानं पिशवीतून एक रंगीत पुस्तिका काढली. एक कंपनी होती, सागाची झाडं लावणारी. पैसे तिच्यात ठेवायचे, झाडं वाढणार, पाच वर्षांत दुप्पट आणि वर दर महिन्याला व्याज. पुस्तिकेवर हिरव्यागार झाडांपुढं टाय लावलेले तिघं हसत उभे होते.

"चार लाख टाक," उस्ताद म्हणाला. "गिरणी काय, पाच वर्सांनी दोन गिरण्या टाक. माह्यावर भरोसा हाय ना?"

आवाज तोच होता, परेडच्या मैदानावरचा. 'जी उस्ताद' हे दोन शब्द कडूबाच्या दातांपर्यंत आले. विमा एजंटाला नाही म्हणणं सोपं होतं. सख्ख्या भावाला नाही म्हणताना त्याचं काळीज दुखलं होतं, पण म्हणता आलं होतं. इथं मात्र त्याचं अंगच त्याचं ऐकेना. तेवीस वर्षं या आवाजाला त्याच्या देहानं दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं. स्वयंपाकाच्या दारात सारजाबाई उभी होती. तिनं पदर कमरेला खोचला होता.

तोंड धुऊन येतो, असं म्हणून कडूबा मोरीत गेला. साबण धुतला आणि तिथंच थोडा वेळ उभा राहिला. त्याला स्वतःचा राग आला आणि उस्तादाचाही आला. ज्यानं पैसा राखायला शिकवलं तोच आता मागत होता, आणि त्याला नाही म्हणणं म्हणजे त्याचं खाऊन त्यालाच पाठ दाखवणं, असं कडूबाला वाटत होतं. पण हो म्हटलं तर उद्या सारजाबाईला काय सांगायचं, हेही त्याला दिसत होतं. तो बाहेर आला आणि खुर्चीवर बसला नाही. बसला असता तर जमलं नसतं.

"उस्ताद, नाय जमणार."

"काय म्हणलास?"

"नाय म्हणलो. ह्यो पैसा गिरणीचा हाय. तुमच्यासाठी बी हलवणार नाय."

उस्तादाचा चेहरा उतरला. कडूबाला वाटलं, आता शिव्या येतील. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. उस्ताद नुसताच पुस्तिकेवरची झाडं बघत राहिला, आणि ते बघणं कडूबाला खटकलं. त्यानं हळूच विचारलं, की तुम्हाला स्वतःला कंपनीकडून व्याज येतं का.

आपल्याच रंगरुटाशी खोटं बोलायची सांडू लोखंडेला सवय नव्हती. त्यानं सांगून टाकलं. आयुष्यभराची जमा तिथं होती. पहिलं वर्षभर व्याज आलं, मग दिवाळीपासून एक पैसा आला नव्हता. विचारायला गेला तर ऑफिसातल्या माणसानं गोड बोलून सांगितलं, की नवे पैसे आणून द्या, म्हणजे तुमचे आधी मोकळे करू. म्हणून तो फौजेतल्या जुन्या पोरांच्या घरी फिरत होता. कडूबाचे चार लाख गेले असते तर त्याचे सुटणार होते.

 आपण आपली गिरणी वाचवली ती याला बुडवून, असं कडूबाला वाटलं. पैसे सुटण्याचं ते आमिष खोटं होतं हे त्याला कळत होतं, तरी वाटायचं ते वाटलंच. सारजाबाई पुढं आली आणि तिनं उस्तादाच्या हातातला थंड झालेला कप काढून घेऊन दुसरा गरम चहा दिला.

"तू नाय म्हणशील असं मला वाटलं व्हतं," उस्ताद म्हणाला. "म्हणून तुह्याकडं सगळ्यात शेवटी आलो."

"आन् बाकीचे?"

"बाकीच्यांत कोणी नाय म्हणलं नाय."

 कडूबाच्या डोळ्यांसमोर ते चेहरे आले, झाडाखाली बसलेले आणि मग एकामागं एक खिडकीशी गेलेले. त्यानं एकेकाचं नाव विचारून घेतलं. दोघांनी पैसे भरले होते. तिघांनी शब्द दिला होता. कमरोद्दीन तर उद्या सोमवारीच बँकेतून काढून देणार होता, पोरीच्या, सगीराच्या, लग्नाला म्हणून राखलेले.

कडूबानं भिंतीकडचे बूट ओढले आणि नाड्या बांधायला लागला.

"उस्ताद, उठा. कमरोद्दीनकडं जायचं."

"काय तोंडानं जाऊ रे?"

"ज्या तोंडानं पैसे द्या म्हणला, त्याच तोंडानं नका देऊ म्हणायचं. म्या सोबत हाय."

असं तो उस्तादाशी कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याचे कान तापले, पण शब्द त्यानं परत घेतले नाहीत. सारजाबाईनं दोघांना आधी जेवूनच जायला लावलं. पिठलं-भाकरी वाढताना तिनं उस्तादाच्या ताटात एक भाकरी जास्त टाकली, आणि आजपासून इथंच राहिलात तरी चालेल, पण पैशाचा विषय काढायचा नाही, असं आदबीनं बजावलं. उस्ताद खाली मान घालून जेवला.

चिकलठाणं काही लांब नाही. दोघं रिक्षानं गेले आणि सगळ्या वाटेत उस्ताद एकदा तेवढा बोलला. आपण रिटायर झालो त्या दिवशी आपल्याला पण कोणीतरी असं उठ म्हणायला हवं होतं, असं काहीतरी तो पुटपुटला.  कोणी म्हणालं असतं तर उस्तादानं ऐकलं असतं का, याची कडूबाला खात्री नव्हती.

कमरोद्दीन अंगणात चारपाईवर बसून सायकलची चेन साफ करत होता. पोट सुटलं होतं, केस पांढरे झाले होते. उस्तादाला बघताच चेन हातातून सुटली आणि तो ताठ उभा राहिला, काळ्या झालेल्या हातांची बोटं पायजम्याच्या शिवणीला लागलेली. दारामागून त्याची बायको मुनिरा डोकावली आणि बसायला म्हणून खुर्च्या आणू लागली. उस्ताद बसला नाही.

"कमरोद्दीन," तो म्हणाला, "उद्या पैसे काढायचे नायत. मी मागितले तरी द्यायचे नाय."

"जी उस्ताद."

उस्ताद थांबून राहिला. आता हा चिडेल, कामून, का देऊ नको म्हणून विचारेल, शिव्या देईल, यासाठी रिक्षात त्यानं मन घट्ट करून ठेवलं होतं. कमरोद्दीन तसाच ताठ उभा होता, पुढच्या हुकमाची वाट बघत. पोरीच्या लग्नाचे पैसे द्या म्हटल्यावर त्यानं एवढंच म्हटलं होतं, आणि देऊ नको म्हटल्यावरही एवढंच म्हटलं.

 उस्ताद ओट्याच्या पायरीवर बसला, डोक्यावरची टोपी काढून त्यानं तोंडावर धरली, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मुनिरा घाबरून पाणी आणायला पळाली. कडूबा त्याच्याशेजारी बसला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"कामून म्हणून विचार की रे," उस्ताद टोपीआडून म्हणाला. "एकदा तरी विचार."

कमरोद्दीननं गोंधळून कडूबाकडं बघितलं. कडूबानं मान हलवली. हुकूम उस्तादाचाच होता, म्हणून मग कमरोद्दीननं टाचा जुळवल्या आणि विचारलं,

"कामून, उस्ताद?"

सांडू लोखंडेनं तोंडावरची टोपी काढली, डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.